मातीतली ठेव : छोट्या कंदफुलांची ओळख आणि जोपासना

वैशाख सरत आलेला असतो. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरउतारांवर गवत वाळून गेलेले, मुरूम तापलेला आणि ओढे कोरडे पडलेले असतात. अशा वेळी एखाद्या उघड्या उतारावर, एकही पान नसताना, जमिनीतून सरळ दांडा वर येतो व त्याला फिकट तपकिरी रंगाची लहान फुले लागतात. हा रानकांदा. पाऊस अद्याप दूर असतो. परंतु मागील पावसाळ्यात पानांनी जे कमावले ते कंदात जमा झालेले असते आणि त्या शिलकेतून हा फुलोरा उभा राहतो. व्यापारी घरात वाढलेल्या माणसास हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. कंद म्हणजे मुद्दल आणि फूल म्हणजे व्याज.

अशाच कंदातून उगवणारे ‘ग्रेप हायसिंथ’ हे निळे फूल अलीकडे आपल्या घरांतून चर्चेचा विषय होऊ लागले आहे. मुले-मुली युरोप-अमेरिकेत स्थायिक झालेली, त्यांच्या अंगणातील वसंत ऋतूची छायाचित्रे घरोघरी येतात आणि ‘हे आपल्याकडे होईल का?’ असा प्रश्न साहजिकच निघतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी त्या फुलाची नीट ओळख करून घेणे इष्ट ठरेल.

ग्रेप हायसिंथचे शास्त्रीय नाव मस्कारी. ते कस्तुरीवाचक शब्दावरून आले आहे. मूळ वसतिस्थान भूमध्य समुद्राभोवतालचा प्रदेश व पश्चिम आशिया. वीतभर उंचीच्या दांड्यावर निळ्या, लहान घटांसारख्या फुलांचा दाट घोस येतो. तो द्राक्षाच्या घडासारखा दिसतो, म्हणून हे इंग्रजी नाव पडले. ओळखण्याची खूण म्हणजे फुलाचे तोंड. ते घटाच्या गळ्याप्रमाणे आवळलेले असते आणि कडेला बहुधा पांढरी किनार असते. घोसाच्या टोकाकडील फुले अनेकदा फिकट व वांझ असतात.

त्याच काळात फुलणारी दोन फुले याच्याशी घोटाळा करतात. सिला या फुलाच्या सहाही पाकळ्या सुट्या असून ते चांदणीसारखे उघडते. खरे हायसिंथ आकाराने मोठे, अतिशय सुगंधी आणि बाहेरच्या बाजूस वळलेल्या पाकळ्यांचे असते. आपल्या नद्या-तलावांत माजणारी जलपर्णी इंग्रजीत ‘वॉटर हायसिंथ’ म्हणवते, परंतु तिचे कुल सर्वस्वी निराळे आहे. मस्कारी, सिला व हायसिंथ ही आधुनिक वर्गीकरणानुसार शतावरीच्या कुलात मोडतात. आपल्या बाजारात नित्य दिसणारा निशिगंध हाही त्याच विस्तृत कुलातला.

आता मूळ प्रश्न. मस्कारीच्या कंदास फुलण्यासाठी दीर्घ थंडी लागते. सलग अडीच-तीन महिने तापमान दहा अंशांच्या खाली राहिले तरच आतली कळी नीट तयार होते. बीडचा हिवाळा इतका लांब व इतका थंड नसतो आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे येथे हे फूल पाहावयाचे असेल तर थंडी कृत्रिमरीत्या द्यावी लागते. सप्टेंबरमध्ये कंद कागदी पिशवीत घालून रेफ्रिजरेटरच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावेत. शेजारी पिकणारी फळे असू नयेत, कारण त्यांतून सुटणाऱ्या वायूने कळी खराब होते. पिशवीवर नाव अवश्य लिहावे, कारण हे कंद खाण्याचे नव्हेत. डिसेंबरमध्ये ते उथळ कुंडीत सुमारे दोन इंच खोल, दोन-दोन इंचांच्या अंतरावर लावावेत. काळ्या मातीत पाणी साचून कंद कुजतो. म्हणून बागेची माती, जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि पालापाचोळ्याचे खत समभाग घ्यावे. कुंडी सकाळच्या उन्हात ठेवावी.

इतके केल्यावर हिवाळ्याच्या अखेरीस फुले येऊ शकतात. परंतु पुढे काय? फुलानंतर पानांना दोन-तीन महिने सौम्य हवा मिळाली तरच कंद पुन्हा भरतो. येथे मार्चपासूनच ऊन तापते, पाने करपतात, कंद आक्रसतो आणि दुसऱ्या वर्षी बहुधा फूल येत नाही. व्याजासाठी मुद्दल मोडावे, तसा हा व्यवहार. शिवाय परदेशातून कंद आणण्यास २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना व वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. पाहुण्यांच्या सामानातून दोन-चार कंद आणवून घेणे त्यात बसत नाही.

मग या फुलांची हौस सोडून द्यावी काय? तशी गरज नाही. याच कुलातील आप्त आपल्या दख्खनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांना वसंताची थंडी लागत नाही, पहिला पाऊस पुरतो.

त्यांतील एक लेडेबुरिया. पहिल्या सरींनंतर जांभळ्या ठिपक्यांची पाने जमिनीलगत पसरतात आणि मधून हिरवट-जांभळ्या, मागे वळलेल्या पाकळ्यांच्या फुलांचा लहान तुरा निघतो. १८२१ मध्ये रोथ या जर्मन शास्त्रज्ञाने हे नाव दिले ते भारतातील वनस्पतीवरूनच. जुन्या ग्रंथांत तिचे नाव ‘सिला हायसिंथिना’ असे आढळते.

दुसरी दीपकाडी. हिची फुले दांड्यावर एका रांगेत लागतात. पाकळ्या खाली जुळून नळी होते व टोके बाहेर वळतात. कोकणच्या जांभ्या सड्यांवरील तिची पांढरी जात पावसाळ्यात उजळून दिसते, त्यामुळे नाव अगदी मराठी वाटते. गंमत अशी की, ‘दिपकाडी’ हे शास्त्रीय नाव मेडिकस याने १७९० मध्ये योजले आणि तो शब्द पौर्वात्य देशांत मस्कारीच्याच एका जातीस लावला जात असे. दूरचे फूल आणि सड्यावरचे फूल यांचे नाते असे नावातही उतरले आहे.

ही फुले घरी हवीत म्हणून डोंगरावर कुदळ घेऊन जाणे मात्र सर्वथा टाळावे. कोकणातील दीपकाडीसारख्या जाती मोजक्याच सड्यांवर उरल्या आहेत. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्यासारख्या ठिकाणी तर वनस्पती काढणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा ठरतो. कायद्याच्या आधी आपला संस्कारही हेच सांगतो. कंदात अनंत जीवांचा वास मानून जैन घरांनी तो ताटातून वगळला. जे खाण्यासाठी उपटावयाचे नाही, ते शोभेसाठी तरी का उपटावे? साधू-साध्वी ज्या चातुर्मासात उगवत्या जीवांना इजा होऊ नये म्हणून एका जागी राहतात, त्याच चातुर्मासात ही फुले वर येतात.

ज्यांना लावावयाचेच आहे त्यांनी परवानगी असलेल्या जागेतून, स्वतःच्या शेताच्या बांधावरून, अथवा रोपवाटिकेतून पक्व बी घ्यावे. पावसाळ्याच्या सुरुवातीस ते मुरूममिश्रित मातीवर पसरून वर अगदी पातळ थर द्यावा. फूल येण्यास दोन-तीन वर्षे तरी लागतात. पाने पिवळी पडली की पाणी बंद करावे, कुंडी सावलीत कोरडी ठेवावी आणि कंद हलवू नये. इतका धीर नसेल त्यांनी पावसाळी लिली लावावी. ती मूळची अमेरिका खंडातील, परंतु मराठवाड्याचे ऊन सहन करते, पाऊस पडताच फुलते आणि त्याच कुंडीत वर्षानुवर्षे राहते.

जुन्या पेढ्यांवर मुद्दलास हात न लावण्याचा दंडक असे. बालाघाटच्या तापलेल्या मुरमाखालीही तशी एक ठेव पडून आहे. ज्येष्ठाच्या पहिल्या सरीनंतर मुलांना घेऊन त्या उतारावर जावे, वाकून फुले पाहावीत, पाकळ्या मोजाव्यात आणि मोकळ्या हातांनी परत यावे. पुढील वर्षी त्याच जागी पुन्हा व्याज जमा झालेले दिसेल.