पावसाळ्यातलं मालवण: होड्या बंद, समुद्र चालू

हा गेल्या एपिसोडचा लिहून काढलेला मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘अं’ बरेचसे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. एसटीत रेंज जाते तेव्हा ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं, असं तुमच्यापैकी काहींनी सांगितलं होतं, म्हणून.

तर विषय होता मालवण. तेही भर जुलैमध्ये.

मी मोहोळचा. आमच्याकडे पाणी म्हणजे कॅनॉलला सुटलेलं, बोअरला लागलेलं किंवा टँकरनं आलेलं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला, मालवणला, डिसेंबरमध्ये. तेव्हापासून हे गाव डोक्यात बसलंय. चार-पाच वेळा जाऊन आलो, सगळ्या वेळा थंडीत. निळं पाणी, किल्ल्यावर जाणारी होडी, सुरमईचं ताट, स्कूबा, फोटो. मग एका जुलैमध्ये ऑफिसनं घरून काम करायला परवानगी दिली आणि मी म्हटलं, जाऊ की मालवणला. खोली निम्म्या भाड्यात मिळत होती. गर्दी नाही. तेच मालवण, अर्ध्या पैशात.

इथंच माझं चुकलं. ते ‘तेच मालवण’ नसतं. जूनमध्ये त्या किनाऱ्याचं अक्षरशः दुसरं गाव होतं, आणि ते का होतं हे समजून घेऊन गेलात तर मजा आहे. नाहीतर चार दिवस खोलीत बसून ओल्या चड्ड्या मोजाल.

आधी पावसाचं गणित. सोलापूर जिल्ह्यात वर्षभरात सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सिंधुदुर्गात तीन हजारांच्या वर, आणि त्यातला हजारभर तर एकट्या जुलैमध्ये. म्हणजे आमचा अख्ख्या वर्षाचा पाऊस तिथं जुलैच्या दोन-अडीच आठवड्यांत होऊन जातो. वर आंबोलीला तर सात हजारांच्या घरात. कारण आपण शाळेत शिकलोय: अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकते, वर चढते, थंड होते आणि तिथंच रिकामी होते. घाट ओलांडून खाली उतरताना ती परत तापते, कोरडी होते. आपण त्या रिकाम्या हवेच्या बाजूला राहतो. आमचा खरा पाऊस सप्टेंबरमध्ये, तोही आला तर. म्हणून जुलै महिन्यात मोहोळमध्ये ढग दिसतात, वारं सुटतं आणि पडत काहीच नाही.

निघताना आप्पा ओट्यावर बसले होते. तूर पेरून तीन आठवडे झाले होते. विचारलं, “कुठं निघालास रं?” मी म्हटलं, मालवणला. “आत्ता? पावसात?” म्हटलं, हो, पाऊस बघायला. ते काही बोलले नाहीत. फक्त शेताकडं बघितलं. ती नजर काही सगळ्या ट्रिपमध्ये डोक्यातून गेली नाही.

रस्ता पंढरपूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर असा. पावसाळ्यात खरा प्रश्न कोल्हापूरच्या पुढं सुरू होतो. खाली उतरायला गगनबावड्याकडून करूळ किंवा भुईबावडा, नाहीतर फोंडा, नाहीतर आंबोली. गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ नदीचं पाणी आलं की वाहतूक थांबते. कोल्हापुरात असताना लोक तापमान विचारत नाहीत, ‘पंचगंगा किती फुटांवर?’ असं विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे दोन आकडे लक्षात ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेच पाण्याखाली गेला होता, तिथं आपल्या गाडीचं काय घेऊन बसलात. निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा रंग बघायचा. पिवळा असेल तर डोळे उघडे ठेवून जा, नारिंगी असेल तर घाट पुढं ढकला, लाल असेल तर घरी बसा. रेल्वेनं जाणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळ्यात वेगळं टाइमटेबल असतं. दरडींमुळं गाड्या मुद्दाम हळू चालवतात, म्हणून वेळा बदलतात. कुडाळला किंवा कणकवलीला उतरून एसटी.

मी एसटीनंच गेलो. घाटात काचेला नाक लावून बसलो होतो. शेजारचे काका गाढ झोपले होते, त्यांना त्याचं काहीच नाही. प्रत्येक वळणाला एक धबधबा, आणि मी मनात हिशोब करतोय की हा एक जरी आमच्या ओढ्याला लावला तर किती एकर भिजेल. मोहोळच्या माणसाला धबधबा नुसता बघताच येत नाही.

पोचलो. जिथं उतरलो त्या घरातल्या काकी दारातच म्हणाल्या, “पावसात इलास? मग माशे खंयसून गावतले?”

तर बंद काय काय असतं, ते ऐका. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद. स्कूबा बंद, पॅरासेलिंग बंद, बनाना राईड बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. यातलं मासेमारीचं कारण दुहेरी आहे: हा बऱ्याच माशांचा विणीचा काळ असतो, आणि समुद्र खवळलेला असल्यानं माणसंही जाऊ नयेत. दोन महिने समुद्राला सोडलं तर पुढचे दहा महिने जाळ्यात काही येतं. आपल्याकडं उसाला पाणी सोडायचं वेळापत्रक पाळायला भांडणं होतात, इथं अख्खा किनारा एका तारखेला बोटी वर ओढतो. दांडीच्या किनाऱ्यावर बोटी झावळ्यांखाली, प्लास्टिकखाली झाकून ठेवलेल्या दिसतात. जाळी विणायची, डागडुजी करायची, इंजिन उघडायचं, हे काम या दिवसांतलं.

किल्ला समोर दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. डिसेंबरमध्ये होडीत बसून दहा-पंधरा मिनिटांत पोचतो, त्यामुळं ‘समुद्रातला किल्ला’ या शब्दांचा अर्थ कळतच नाही. जुलैमध्ये किनाऱ्यावर उभं राहिलं, लाट तटाला धडकून तटाच्या वर उडताना बघितली, की कळतं तो तिथं का बांधला. शत्रूच्या जहाजाला वर्षातले तीन-चार महिने निसर्गच अडवून धरणार. आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये गोडं. मला किल्ला सगळ्यात जास्त कळला तो तिथं जाता आलं नाही त्या वेळी.

आता मुख्य गोष्ट. समुद्राची.

आमच्याकडची पोरं पोहायला विहिरीत शिकतात. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि मोठ्या भावानं ढकलून द्यायचं. मीही तसाच शिकलो, आणि मला पोहता येतं याचा मला गर्व होता. पण विहिरीतलं पाणी जागेवर उभं असतं. ते तुम्हाला कुठं नेत नाही.

काकींनी पहिल्याच संध्याकाळी बजावलं होतं, “पाण्यात जाव नको, ओढ आसा.” मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला, ऊन पडलं, आणि मी गुडघाभर पाण्यात गेलो. फक्त गुडघाभर. लाट आली, काही झालं नाही. ती परत जाताना मात्र पायाखालची वाळूच निघून गेली. मी बसलो, मग आडवा झालो, आणि वाळूवरून घसरत आत जायला लागलो. हाताला धरायला काही नाही. पुढच्या लाटेनं बाहेर ढकललं म्हणून उठलो. चष्मा गेला. पाच-सहा सेकंदांचा खेळ. किनाऱ्यावरच्या एका आजोबांनी नुसतं बघितलं आणि तोंड फिरवलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

नंतर बसून वाचलं की हे होतं कसं. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा हजारो किलोमीटर उघड्या समुद्रावरून सलग वाहत येतो, त्यामुळं लाटा मोठ्या आणि एकामागोमाग एक. या लाटा किनाऱ्यावरची वाळू उपसून आत नेतात आणि पाण्याखाली तिचे बांध घालतात. थंडीत लाटा शांत झाल्या की तीच वाळू हळूहळू परत येते. म्हणजे डिसेंबरमध्ये तुम्ही जिथं निवांत चाललात, तो किनारा जुलैमध्ये तिथं नसतोच. उतार बदलतो, खोली बदलते. तुमची जुनी ओळख कामाची नाही.

आणि लाटांनी आणलेलं एवढं पाणी परत कुठून जाणार? वाळूच्या त्या बांधांत जिथं फट सापडते तिथून, एका अरुंद पट्ट्यात, जोरात. ही खरी ओढ. तिचा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो, म्हणजे ऑलिंपिकमधला पोहणाराही तिच्याविरुद्ध जागच्या जागी राहील. आणि फसवणूक बघा: त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी जरा गडद आणि शांत दिसतं. दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये शांत. नवखा माणूस बरोबर तिथंच उतरतो.

कोणी सापडलंच तर, किनाऱ्याकडं तोंड करून जीव खाऊन पोहू नका. माणूस बुडतो तो बहुतेक दमून. ओढ तुम्हाला आत नेते, पाण्याखाली नेत नाही. तरंगत राहा, हात वर करून हाका मारा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर, आडवं सरका. पट्टा अरुंद असतो, बाहेर पडलात की मग तिरकं किनाऱ्याकडं. आणि मित्र वाहत असेल तर मागोमाग उडी टाकू नका. कॅन, ट्यूब, दोर, जे तरंगेल ते फेका, ११२ ला फोन करा, जवळच्या मच्छीमारांना बोलवा. एकाला वाचवायला दुसरा उतरला आणि दोघंही गेले, ही बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो, आणि त्यात गावाचं नाव बऱ्याचदा आपल्या घाटावरचं असतं. म्हणून हे इतकं लांबवलं. पावसाळ्यात समुद्र बघायचा, त्यात उतरायचं नाही. गुडघाभरसुद्धा नाही.

मग उरतं काय? बरंच. काकींनी माशांचं म्हटलं ते अर्धंच खरं होतं. सुरमई-पापलेट नसतं किंवा बर्फातलं, महाग मिळतं. पण सुका बांगडा भाजून, कुळथाची पिठी आणि गरम भात, बाहेर धो धो, आणि लाईट गेलेली. हे ताट डिसेंबरच्या पर्यटकाला सहसा कोणी वाढत नाही, कारण तो सुरमई मागतो. पहिल्या पावसात शेतात चढणारे चढणीचे मासे मला उशीर झाल्यानं मिळाले नाहीत. टाकळ्याची भाजी मिळाली, फणसाच्या आठळ्या मिळाल्या. घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ तर रोज. मी शाकाहारी मित्रांना उलट सांगेन की तुम्ही पावसाळ्यातच जा.

धामापूरचा तलाव काठोकाठ भरलेला असतो. सोळाव्या शतकातला तलाव आहे, अजून शेतीला पाणी देतो. मी तिथं दोन तास नुसता बसलो होतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथं नदीचं तांबडं पाणी आणि समुद्राचं करडं पाणी वेगवेगळं दिसतं. लांबूनच बघायचं. ऑगस्टमध्ये जमणार असेल तर नारळी पौर्णिमा गाठा. समुद्राला नारळ अर्पण करायचा, मग नारळ लढवायचे, नारळावर नारळ आपटून कोणाचा फुटतो ते बघायचं. मालवणात बायकांची या खेळाची स्पर्धा होते आणि ती फार गंभीरपणे खेळली जाते.

गैरसोयी सांगतो पटापट. कपडे वाळत नाहीत, हवा एवढी दमट की पाऊस नसतानाही घाम. चार्जिंगच्या पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना फोन रोज देतो, त्यामुळं आधी पुसा मग लावा. लाईट जाते, मागोमाग नेटवर्क जातं. यूपीआयच्या भरवशावर राहू नका, रोख न्या. घरून काम वगैरे विसरा, मी दोन मीटिंगांमध्ये गायब झालो आणि तिसरीला सरळ सुट्टी टाकली. फोनमध्ये विजांसाठी ‘दामिनी’ ॲप आधीच टाकून ठेवा.

माझा टीममधला एकजण मेक्सिकोत पुएर्तो वायार्ताला असाच ऑफ-सीझनला जाऊन आला. तिथंही जून ते ऑक्टोबर उकाडा आणि पाऊस, मागं डोंगर, हॉटेलं स्वस्त. पण तो म्हणाला, पाऊस बहुतेक संध्याकाळी किंवा रात्री येतो, दिवस मोकळा मिळतो. त्याची भीती वेगळी, चक्रीवादळाची. कोकणात अशी वाटणी नाही. सुरू झाला की तीन-तीन दिवस थांबत नाही, म्हणून निदान एक दिवस हातात जास्तीचा ठेवा. दोन दिवसांची ट्रिप आखाल आणि दोन्ही दिवस खिडकीत जातील.

परत येताना घाट चढेपर्यंत पाऊस होता. कोल्हापुरात भुरभुर. मिरजेच्या पुढं रस्ता कोरडा. सांगोल्याला धूळ. एवढं सगळं एका दिवसात, एसटीच्या एकाच खिडकीतून.

रात्री घरी पोचलो. आप्पांनी विचारलं, “झाला का बघून पाऊस?” मी पिशवीतून कोकमं आणि खाजं काढून दिलं. त्यांनी खाजाचा एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, “तुरीला पाणी सोडायचंय पहाटे. लाईट चारला येती. ऊठ.”