हळदीचा डाग आणि कागदावरची नावं

आज आधी एक प्रयोग करू या आणि मग गप्पा मारू या. मसाल्याच्या डब्यातली चिमूटभर हळद वाटीत घ्या, तीत चार-पाच थेंब पाणी घाला आणि कापसाच्या बोळ्यानं ते पांढऱ्या कागदावर पुसा. कागद वाळला की त्यावर चुन्याच्या निवळीचा एक थेंब सोडा. (चुना मोठ्या माणसांकडूनच मागून घ्या, आणि तो डोळ्यांत जाऊ देऊ नका, बरं का!) पिवळा कागद बघता बघता लालसर होईल. आता त्याच डागावर लिंबाचा थेंब पिळा. पुन्हा पिवळा! शर्टावर वरण सांडलं आणि साबण लावला की डाग लाल होतो ना, त्यामागेही हेच कारण आहे. हळदीपासून कुंकू करतानाही हाच गुण उपयोगी पडतो.

या गमतीमागे कर्क्युमिन नावाचं रसायन आहे. हळदीचा पिवळेपणा त्याचाच. शंभर ग्रॅम हळदीत ते साधारण दोन ते पाच ग्रॅम असतं. आपल्या विदर्भातल्या वायगावच्या हळदीत ते यापेक्षाही जास्त भरतं. वर्धा जिल्ह्यातल्या या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. चुन्यानं या रसायनातला हायड्रोजनचा एक कण काढून घेतला आणि रंग बदलला. लिंबानं तो परत दिला. म्हणजे एका वनस्पतीतल्या रसायनात तुम्ही स्वतःच्या हातांनी बदल केला. प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञही याच जातीचं काम करतात. फक्त त्यांना रंग बदलायचा नसतो, तर गुण बदलायचे असतात.

प्रयोगासाठी चुना कुठून आणला? आसगाव असो, पवनी असो की भंडारा, आपल्या भागात चुना शोधायला लांब जावं लागत नाही. पानठेल्यावर पन्नीत घालून खर्रा घोटला जातो, त्यात सुपारी असते, तंबाखू असतो आणि हाच चुना असतो. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा घोटणारे हात काही थांबले नाहीत. आता एक गोष्ट करून बघा. तोंड उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का ते पाहा. तुमची सहज जातील. पण वर्षानुवर्षं सुपारी चघळणाऱ्या काही जणांची दोनच जातात, काहींचं एकच. गालाच्या आतलं मऊ अस्तर दोरीसारखं घट्ट होत जातं, तिखट सोसत नाही, जांभईसुद्धा नीट देता येत नाही. हा आजार पुढे तोंडाच्या कर्करोगाकडे जाऊ शकतो. नुसती सुपारीसुद्धा, तंबाखू नसला तरी, कर्करोगाला कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 साली जाहीर केलं. ‘मी तर फक्त सुपारीच खातो’ असं म्हणणारे काका प्रत्येक गावात असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता हळद आणि हा आजार यांची गाठ मुंबईत कशी पडली, ते ऐका. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये (ही संस्था 2002 साली नवी मुंबईत खारघरला गेली) एस. व्ही. भिडे आणि त्यांचे सहकारी एका साध्या प्रश्नामागे लागले होते. आपण रोज खातो ती हळद कर्करोग होण्याआधीच त्याला अडवू शकेल का? 1992 साली अझुइने आणि भिडे यांचा शोधनिबंध आला. कर्करोग घडवणारी रसायनं दिलेल्या उंदरांना हळद खाऊ घातली, तर पोटातल्या आणि कातडीवरच्या गाठी कमी होतात, असं त्यात दिसलं. पण उंदीर म्हणजे काही माणूस नव्हे. म्हणून पुढची पायरी माणसांची. 1997 साली छापलेल्या निबंधात, वर सांगितलेला तोंडाचा आजार असलेल्या रुग्णांचे तीन गट केले होते. सगळ्यांना तीन महिने रोज तीन ग्रॅम हळद दिली. दोन गटांना त्याबरोबर हळदीचं तेल किंवा हळदीचा घट्ट अर्क दिला.

मग मोजलं काय? हे समजून घेण्यासारखं आहे. पेशीची दोन शकलं होताना गुणसूत्राचा एखादा तुकडा मागे राहिला, तर पेशीत मुख्य केंद्रकाशेजारी एक इवलासा जादा ठिपका दिसतो. असे ठिपके जितके जास्त, तितकी पेशींची मोडतोड जास्त. तिन्ही गटांत हे ठिपके कमी झाले. चांगलीच बातमी! पण नीट वाचा हं. ठिपके कमी झाले, असं निबंध म्हणतो. कर्करोग टळला, असं तो म्हणत नाही. ते ठरवायला शेकडो माणसांवर दहा-पंधरा वर्षं नजर ठेवावी लागते. वर्तमानपत्रातल्या मथळ्यांत नेमका हाच फरक गळून पडतो.

दुसरी अडचण हळदीच्या स्वभावातच आहे. कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं. आतड्यातून रक्तात फारच थोडं पोचतं. नुसत्या पाण्यात, आपल्या अंगाइतक्या उबेला, अर्ध्या तासात त्यातलं बरंचसं मोडूनही जातं. म्हणून मग युक्त्या सुरू झाल्या. 1998 साली बंगलोरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवलं, की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पायपरीन नुसतं वीस मिलिग्रॅम दिलं, तर रक्तात पोचणारं प्रमाण वीस पटींनी वाढतं. कुणी कर्क्युमिनला तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांत गुंडाळलं. कुणी त्याच्या रेणूला हायड्रोजन जोडला, तर जे तयार झालं ते चक्क पांढरं! हळदीतून निघालेलं, पण पिवळं नसलेलं. या सगळ्या बदललेल्या रूपांना तपासणं अजून चालू आहे. (पालकांसाठी एक कानगोष्ट: मिऱ्याच्या अर्काबरोबरच्या कर्क्युमिनच्या गोळ्या घेऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली हळद वेगळी, बाटलीतल्या गोळ्या वेगळ्या.)

आणि कर्क्युमिन हा मोठा फसव्या गडी आहे. स्पिरिटात हळद मिसळून तो रस नोटा तपासायच्या निळ्या-जांभळ्या दिव्याखाली धरा. हिरवट पिवळा लखलखतो. प्रयोगशाळेत पुष्कळदा प्रकाश मोजूनच औषध लागू पडलं की नाही ते ठरवतात. मग स्वतःच चमकणारं रसायन समोर आलं तर यंत्र काय सांगणार? 2017 साली अमेरिकेतल्या रसायनतज्ज्ञांनी कर्क्युमिनवरच्या साऱ्या कामाचा आढावा घेतला. माणसांवरचे 120 च्या वर प्रयोग झाले होते. पण ज्यात रुग्णाला किंवा डॉक्टरला खरी गोळी कोणती हे ठाऊक नसतं, अशा कडक कसोटीत कर्क्युमिन पास झाल्याचं त्यांना दिसलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग एवढे निबंध लिहिले कुणी? अगदी बरोबर प्रश्न! इथून आपण हळद सोडून कागदाच्या वरच्या ओळीकडे वळू या. तिथे नावं असतात.

1997 च्या त्या मुंबईच्या निबंधावर सात नावं आहेत: हस्तक, लुब्री, जाखी, मोरे, जॉन, घैसास आणि शेवटी भिडे. ही ओळ म्हणजे लग्नपत्रिकेतली मानपानाची यादी नव्हे. जीवशास्त्रात बहुधा पहिलं नाव सगळ्यात जास्त हात राबवणाऱ्याचं असतं आणि शेवटचं त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. मधल्या नावांनी नेमकं काय केलं, ते मात्र ओळीवरून कळत नाही. म्हणून आता पुष्कळ मासिकं निबंधाखाली वेगळी नोंद छापतात. कल्पना कुणाची, प्रयोग कुणी केले, आकडेमोड कुणाची, लिहिलं कुणी, अशा चौदा कामांची यादीच ठरलेली आहे. शाळेत गटानं प्रकल्प करता तेव्हा अशी यादी लावली, तर काय काय बाहेर येईल, याचा विचार करा!

वैद्यकीय मासिकांचे संपादक तर आणखी कडक आहेत. नुसतं काम करून भागत नाही. छापलेल्या मजकुराची जबाबदारीही घ्यावी लागते, तरच तुम्ही लेखक. ही अट कशासाठी, ते हळदीच्याच गोष्टीत दिसलं. अमेरिकेत ह्यूस्टनला एका नामांकित कर्करोग संस्थेत कर्क्युमिन आणि तसल्या वनस्पतिज रसायनांवर ढिगानं निबंध लिहिले गेले, आणि जगभरच्या लोकांनी त्यांचे दाखले दिले. 2016 साली एका मासिकानं त्यांतले सात निबंध एकदम मागे घेतले, कारण त्यांतल्या चित्रांवर विश्वास ठेवता येईना. निबंध मागे गेला की त्यावरची सगळी नावं त्या यादीत जातात. चूक ज्याची त्याचंही, आणि ज्याला पत्ताच नव्हता त्याचंही.

नावांचा असा अभ्यास करणारी माणसं हजारो निबंध गोळा करतात. कोण कुणाबरोबर लिहितो याचं जाळं काढतात. पण त्यांना पहिलीच ठेच लागते ती ‘एस. पाटील’ला. महाराष्ट्रात किती एस. पाटील असतील? सुनील, सुरेखा, संजय, शरयू! सगळ्यांचं काम एकाच खात्यात जमा होतं. याला उपाय म्हणून 2012 पासून संशोधकांना आधार कार्डासारखा, पण सोळा आकडी क्रमांक मिळतो. तो जन्मभर तोच राहतो, नाव बदललं तरी.

नाव बदलण्यावरून कमला सोहोनी यांची गोष्ट आठवते. 1933 साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत त्यांना केवळ मुलगी म्हणून आधी प्रवेश नाकारला गेला. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतींच्या पेशींत श्वसनाचं काम करणारं सायटोक्रोम सी शोधलं आणि 1939 साली पीएच.डी. मिळवली. त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांचं टिपण छापून आलं. तिथे ‘सोहोनी’ शोधाल तर सापडणार नाहीत. नाव आहे ‘के. भागवत’, कारण लग्न पुढे 1947 साली झालं. दोन्ही नावं एकाच बाईंची हे ठाऊक नसेल, तर अर्धं काम हरवतं. अद्याक्षरांमुळे तर ती बाई आहे हेसुद्धा लपतं.

कधी कधी नावाचं भांडण कोर्टकचेरीसारखं होतं. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, हळदीनं जखम भरते या ‘शोधा’चं पेटंट मिळालं. शोधक म्हणून दोघांची नावं! आपल्या आज्या हसल्याच असतील. पण हसून पेटंट रद्द होत नाही, तिथे कागद लागतो. गोव्याच्या माशेलमध्ये जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेनं 32 लिखित पुरावे जमवले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि 1953 सालचा एक भारतीय वैद्यकीय निबंधही होता. 1997 च्या ऑगस्टमध्ये पेटंट रद्द झालं. आजीचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, तरी तिचं ज्ञान कुणीतरी आधी लिहून ठेवलं होतं, म्हणून जमलं.

वनस्पतीतलं रसायन बदलून कर्करोग आधीच रोखायचा, हे खरोखर जमलेलं एक उदाहरण आहे, आणि ते तुमच्या ओळखीचं आहे: ॲस्पिरिन. विलो नावाच्या झाडाच्या सालीतल्या रसायनापासून हा धागा सुरू झाला. त्यातून मिळणारं आम्ल ताप उतरवायचं, पण पोट जाळायचं. त्याला व्हिनेगरच्या कुळातला एक छोटा गट जोडला आणि ॲस्पिरिन झालं. आतड्याच्या कर्करोगाचा धोका जन्मतःच असलेल्या 861 जणांवर कडक कसोटीचा प्रयोग झाला. काहींना दोन वर्षं रोज 600 मिलिग्रॅम ॲस्पिरिन, काहींना दिसायला तशीच पण रिकामी गोळी. 2011 आणि 2020 साली निकाल छापले गेले. ॲस्पिरिनवाल्यांत आतड्याचा कर्करोग स्पष्टपणे कमी होता. म्हणून घरातली गोळी उचलून तोंडात टाकायची नाही! तिनं रक्तस्राव होतो, आणि मुलांना तर ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देतच नाहीत.

आणि ही गोळी शोधली कुणी? पुस्तकांत लिहिलेलं असतं: फेलिक्स हॉफमन, जर्मनीची बायर कंपनी, 1897. पण त्याच कंपनीत काम केलेल्या आर्थर आयशेनग्र्युन यांनी 1949 साली लिहिलं, की काम माझ्या सांगण्यावरून झालं. हॉफमन यांचं नाव इतिहासात आलं ते 1934 साली, एका तळटीपेत. आयशेनग्र्युन ज्यू होते आणि जर्मनीत तेव्हा हिटलरचं राज्य होतं. पुढे त्यांना छळछावणीतही राहावं लागलं. ग्लासगोच्या वॉल्टर स्नीडर यांनी जुने कागद आणि तारखा एकमेकांशी ताडून पाहिल्या आणि 2000 साली लिहिलं, की आयशेनग्र्युन यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. बायर कंपनीनं ते मानलं नाही. तिच्या मते शोधक एकच, हॉफमन.