शेवटचा एकर विकू नका, पहिली खोली भाड्याने घ्या

अमडापूर ते वाळूज : शहरात बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठी चार गोष्टी

अमडापूर : दिवाळी आटोपते, सोयाबीन बाजारात जाऊन पैसा हातात येतो आणि चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापूरच्या थांब्यावर एक देखावा हमखास दिसू लागतो. गादीची वळकटी, गव्हाचे पोते, डाळीची गोणी, गॅसची शेगडी आणि कडेवर लेकरू. पारावरचे कुणीतरी विचारते, "कुठी चालला गा भाऊ?" उत्तर ठरलेले असते, "औरंगाबादले, वाळूजले. साळा तिकडंच हाये."

शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. पण आपल्याकडच्या जुन्या तोंडी अजून औरंगाबादच बसलेले आहे. कुणी पुण्याला जातो, कुणी जालन्याच्या लोखंड कारखान्यांत. तरी चिखली, देऊळगाव राजा, जालना या सरळ वाटेवर येणारे, आजारपणात घाटी दवाखान्यामुळे आधीच पायाखालचे झालेले शहर म्हणून अनेकांची पहिली नजर इकडेच वळते.

लोक का जातात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. बारा एकरांचे चार भावांत तीन-तीन एकर झाले, त्या तीन एकरांवर पुढच्या पिढीचे पोट भरत नाही. ओलिताची सोय नाही, सोयाबीन-तुरीचा भाव आपल्या हातात नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. ते दुखणे पॅकेजने बरे झाले नाही. तेव्हा जाणाऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की जावे कसे? कारण शहरात गेल्यामुळे बुडालेले थोडे; जाण्याच्या घाईत बुडालेले पुष्कळ.

फुगत गेलेले शहर

या शहरात आधी रेल्वे स्टेशन आणि चिकलठाणा भागात औद्योगिक वसाहती झाल्या. १९८२ मध्ये महानगरपालिका आली. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागे सुटे भाग करणारे छोटे-मोठे कारखाने उभे राहिले. पुढे शेंद्रा आणि आता बिडकीन. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या घरात होती. २००१ मध्ये ती पावणेनऊ लाखांच्या घरात गेली आणि २०११ मध्ये पावणेबारा लाख झाली. म्हणजे वीस वर्षांत दुप्पट. यात वाळूजच्या आसपासची रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर ही गावे धरलेली नाहीत. ग्रामपंचायतीखाली वाढलेल्या या वस्त्यांत मराठवाडा, विदर्भ, खानदेश असे सगळे भाग शेजारी-शेजारी नांदतात.

शहर इतक्या वेगाने वाढले की सोयी मागे राहिल्या. पाण्याचेच पाहा. सुमारे ५० किलोमीटरवर पैठणचे जायकवाडी धरण, साठवण १०२ टीएमसी. आणि शहरातील वसाहतींना वर्षानुवर्षे पाणी काही दिवसांआड. नव्या जलवाहिनी योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले, पुढे तिचा खर्च आणि मुदत दोन्ही वाढत गेले. तेव्हा खोली पाहताना भाड्याच्या आधी "नळ किती दिवसांनी येतो, टाकी कोणाची, टँकरचे पैसे कोण देतो" हे विचारावे. आपल्या बाया विहिरीवर जे विचारतात तेच.

आधी एकाने जावे

सारे बिऱ्हाड एकदम उचलू नये. आधी कमावत्याने एकट्याने जावे, गाववाल्याच्या खोलीत भागीने राहावे, चार-सहा महिने पगार नियमित येतो का ते पाहावे आणि मग शाळा सुरू होण्याच्या बेताने बायकापोरांना न्यावे. नात्यातला माणूस खोली दाखवतो, काम सांगतो, पहिला महिना सांभाळतो. त्याचे उपकार मानावेत. पण त्याच्या शब्दावर व्यवहार करू नये.

खोलीचा करार लेखी करून घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. हा करार पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून गॅसला, बँकेला, मतदार यादीला कामी येतो. अनामत रक्कम किती दिली ते त्यात लिहिलेले पाहिजे. तोंडी दिलेली अनामत खोली सोडताना हटकून कमी भरते.

कामाचेही तसेच. "कंपनीत लागला" असे गावात सांगितले जाते, पण बहुतेक पोरे लागतात ती ठेकेदाराकडे. गेटवर कंपनीचे नाव, हजेरी ठेकेदाराच्या वहीत. त्यात कमीपणा नाही; मात्र पहिल्या महिन्यापासून पगारपावती मागावी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक घ्यावा आणि विम्याचे कार्ड झाले का ते विचारावे. कर्मचारी राज्य विमा योजनेची पगारमर्यादा २०१७ पासून महिना २१ हजार झाली, त्यामुळे नवखा कामगार सहसा तिच्या आत बसतो. बोट मशिनीत गेले तर त्या कार्डाची किंमत कळते. ठेकेदार बदलला तरी निधीचा क्रमांक तोच राहतो. दर वेळी नवा काढू देऊ नये.

प्लॉटचा फास

आता मुख्य गोष्ट. दोन-तीन वर्षे भाडे भरून माणूस कंटाळतो. कुणीतरी सांगतो, "हप्त्यानं प्लॉट हाये, २० बाय ३०, लगेच ताबा." गावाकडचा एक-दीड एकर विकला की हिशेब जुळतो. इथेच पाय घसरतो.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. २० बाय ३० चा प्लॉट ६०० चौरस फूट, म्हणजे जेमतेम अर्धा गुंठा. शेतजमिनीचे इतके बारीक तुकडे पाडण्याला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने बंदी घातली. तरीही शहराभोवतीच्या शेतांत चुन्याच्या रेघा मारून असे प्लॉट विकले गेले, कधी बाँडपेपरवर, कधी नोटरीवर. बाँडपेपर म्हणजे खरेदीखत नव्हे आणि नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. सातबारा मूळ मालकाच्याच नावे राहतो. तोच तुकडा दुसऱ्यालाही विकला गेल्याची भांडणे कोर्टात वर्षानुवर्षे चालतात.

मुकुंदवाडी, पुंडलिकनगर अशा भागांत हजारो घरे गुंठेवारीतूनच उभी राहिली. म्हणून सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतची गुंठेवारी धरली होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. २०२५ मध्ये शहरी भागातल्या जुन्या तुकड्यांच्या व्यवहारांनाही सवलत मिळाली. विकणारा याच कायद्यांची नावे सांगतो आणि "होऊन जातं नियमित" म्हणतो. पण ही सवलत जुन्या व्यवहारांसाठी आहे. आज नवा तुकडा पाडून घेणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये. शिवाय प्लॉट रस्त्याच्या किंवा शाळेच्या आरक्षणात, नाल्याच्या पात्रात असेल तर नियमित होणे कठीण.

तेव्हा पैसे देण्याआधी पाच कागद पाहावेत : ताजा सातबारा आणि त्यावरचे फेरफार, अकृषिक परवानगी, मंजूर रेखांकनाची प्रत, विकास आराखड्यात ती जागा कशात येते त्याचा दाखला, आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील शोध अहवाल. यांपैकी दोन जरी "नंतर देतो" म्हटले, तर चहा प्यावा आणि उठावे. वकिलाची फी वाचवणाऱ्याने एकर घालवल्याची उदाहरणे कोणत्याही गावात सापडतील.

आणि विकायचेच झाले तर सगळे विकू नये. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. विदर्भात हे १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याने बांधलेले आहे. शेवटचा एकर विकला की आठ-अ वरचे नाव जाते आणि त्याबरोबर शेतकरीपणाचा पुरावाही. पुढे निवृत्तीचा पैसा घेऊन गावाकडे परतावेसे वाटले, तर आपल्याच शिवारात जमीन घ्यायला परवानगीच्या खेट्या घालाव्या लागतात. थोडे तरी रान नावावर राहू द्यावे. शहरात ठेकेदार बदलतो, कारखान्याला टाळे लागते. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून पायी निघालेल्या लोकांना गावच आठवले होते.

मागे राहिलेले शिवार

गेलेला माणूस शेत बटईने किंवा मक्त्याने देतो. बहुधा तोंडीच, कारण लिहून दिले तर कूळ लागेल ही जुनी भीती. मात्र तोंडी व्यवहारात पिकाची नोंद, विमा, अतिवृष्टीची मदत हे सारे सातबाऱ्यावरच्या नावाकडे जाते आणि नुकसान होते कसणाऱ्याचे. मग मदत वाळूजच्या खात्यात आणि कर्ज अमडापूरच्या बटईदाराच्या डोक्यावर, असा प्रकार घडतो. भाऊबंदांत वैर येते ते इथून. बियाणे कोणाचे, खत कोणाचे आणि मदत आली तर वाटणी कशी, हे पेरणीआधी दोन माणसांसमोर ठरवावे.

ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर आली. तिच्यासाठी शेतात उभे राहून फोटो काढावा लागतो. शहरात बसून ते होत नाही. हंगामात एकदा यावे किंवा कसणाऱ्याकडून वेळेत करून घ्यावी. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला नसेल तर तो काढावा, खात्याची ई-केवायसी अद्ययावत ठेवावी. आणि वडील वारले तर तेराव्यानंतर लगेच परतू नये. हक्काची खबर तलाठ्याला तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. वारसनोंद राहून गेलेली जमीन पुढच्या पिढीला फक्त भांडण देते.

निघताना घ्यायची पिशवी

रेशन : कार्ड रद्द करायची घाई नको. आधार जोडलेल्या कार्डावर राज्यात कुठल्याही रास्तभाव दुकानात अंगठा लावून धान्य मिळते. कुटुंब विभागले असेल तर नावे कुठे राहतील ते आधी ठरवावे.

शाळा : आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश दाखला नाही म्हणून अडवता येत नाही; २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसे स्पष्ट आहे. दाखला मागाहून पाठवता येतो.

मतदान : पत्ता बदलल्यावर नमुना ८ भरून नाव हलवावे. दोन ठिकाणी नाव ठेवणे हा गुन्हा आहे. नाव हलवले की गावातले मत जाते, हेही समजून असावे.

जातीचा दाखला : तो मूळ गावाच्या पुराव्यावर मिळतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखलखारीज उतारा, कोतवाल बुकाची नक्कल आत्ताच काढून ठेवावी. पोरगी बारावी झाल्यावर धावपळ करण्यात मजा नाही.

गावाने काय करावे

गेलेले लोक गावाचेच आहेत. ग्रामपंचायतीने कुणाचे घर बंद आहे, शेत कोण कसतो, मागे म्हातारे एकटे आहेत का, याची साधी यादी ठेवली तर रोग-आजारात ती कामी येईल. बंद घराची घरपट्टी थकत जाते आणि नमुना ८ वर नाव मयताचेच राहते. सणाला माणूस आला की हे मिटवून घ्यावे. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्यायच्याच असतात, एखादी जादा सभा दिवाळीच्या सुटीत ठेवायला कुणाची ना नाही. तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायक यांनी त्या आठवड्यात एक दिवस अमडापुरात एकत्र बसावे. वारस, ई-केवायसी, घरपट्टी, दाखले असे वर्षभराचे अडलेले काम एका दिवसात हलेल आणि वाळूजहून आलेल्या माणसाचा बुडालेला रोज वाचेल.

बल्लाळदेवीच्या डोंगराखालच्या या गावाने पुष्कळ पोरे शहराला दिली आहेत, पुढेही देईल. त्यांनी जरूर जावे, शिकावे, कमवावे. फक्त निघताना घराची एक किल्ली शेजाऱ्याकडे आणि जमिनीचा एक तुकडा आपल्या नावावर ठेवून जावे.