कुरिअरने आलेला चष्मा

२०१० च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कमधल्या एका बाईंनी फ्रेंच बनावटीच्या फ्रेमसाठी गूगल धुंडाळलं आणि यादीत वर दिसलेल्या 'डेकोरमायआइज' या दुकानात ऑर्डर नोंदवली. फ्रेम आली ती नकली वाटत होती, शिवाय कार्डावरून ठरल्यापेक्षा जास्त रक्कम कापली गेली होती. त्यांनी पैसे परत मागितले. उत्तरादाखल फोनवर शिव्या आल्या, कोर्टात खेचायच्या धमक्या आल्या आणि शेवटी ईमेलने एक फोटो आला. त्या जिथे राहत होत्या, त्या इमारतीचा!

त्याच वर्षी नोव्हेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हे प्रकरण छापलं. दुकानाचा मालक ब्रुकलिनचा व्हिटाली बोर्कर. (आडनाव आपल्या कानाला ओळखीचं वाटलं, तरी या गृहस्थांचा गोव्याशी काही संबंध नाही.) तो 'टोनी रुसो' अशा खोट्या नावांनी गिऱ्हाइकांशी बोलायचा. वार्ताहरापुढे मात्र त्याने काहीच लपवलं नाही. लोक जितकी बोंब मारतात, तितके आपल्या साइटचे उल्लेख वाढतात आणि गूगल आपल्याला वर नेतं, असा त्याचा हिशेब होता. बातमीनंतर काही दिवसांतच गूगलने क्रमवारीची पद्धत बदलली. डिसेंबरात बोर्करला अटक झाली आणि २०१२ मध्ये चार वर्षांची शिक्षा. सुटून आल्यावर त्याने 'ऑप्टिक्सफास्ट' नावाने पुन्हा चष्म्यांचंच दुकान थाटलं. २०१७ मध्ये परत अटक, २०१८ मध्ये आणखी दोन वर्षं.

असा इरसाल दुकानदार लाखात एखादाच. बहुतेक साइटी माल पाठवतात, वेळेवर पाठवतात आणि फोनवर गोडही बोलतात. तिथली अडचण वेगळी आहे, ती काचेत असते.

कोपऱ्यावरचा चष्मेवाला काय करतो ते आठवून पाहा. फ्रेम पसंत पडली की ती तो तुमच्या नाकावर चढवतो, समोर बसतो, 'सरळ माझ्याकडे बघा' म्हणतो आणि नुसत्या काचेवर स्केचपेनने बाहुलीच्या जागी एक-एक ठिपका देतो. दोन बाहुल्यांमधलं हे अंतर म्हणजे पीडी. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण कुणाचं ५५ भरतं तर कुणाचं ७२. लेन्सचं केंद्र त्या ठिपक्यावर यावं लागतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत नंबर असतो, सिलिंडर असतो, ॲक्सिस असतो. पीडीचा रकाना मात्र बऱ्याचदा रिकामाच. मग काही साइटी कपाळाशी एटीएमसारखं कार्ड धरून सेल्फी काढायला सांगतात, कारण अशा कार्डाची रुंदी जगभर ८५.६ मिलिमीटर असते आणि त्या मापावरून पीडीचा अंदाज बांधता येतो.

या अंदाजात पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर? नंबर उणे एक असेल तर बहुतेकांना कळणारही नाही. तोच नंबर उणे सहा असेल, तर दोन्ही काचा मिळून तीन प्रिझम इतका दोष तयार होतो. सोप्या भाषेत, एक मीटरवरच्या वस्तूच्या दोन डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमा एकमेकींपासून तीन सेंटिमीटर सरकतात. त्या जुळवायला डोळ्यांचे स्नायू दिवसभर राबतात आणि संध्याकाळी डोकं ठणकतं. माणूस दोष देतो मोबाइलला. एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेल्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यात तर फ्रेम नाकावर किती खाली बसते, यावर वाचायचा भाग कुठे घ्यायचा ते ठरतं. ते माप चुकलं की पेपर वाचताना हनुवटी वर करून बसायची पाळी येते.

हे सगळं दुकानदारांनी उठवलेलं भय नाही. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा जणांनी दहा साइटींवर मिळून दोनशे चष्मे मागवले. हाती पडले १५४. त्यातले जवळजवळ ४५ टक्के काही ना काही कसोटीवर नापास झाले. कुठे नंबर चुकलेला, तर कुठे काच आघाताच्या चाचणीत टिकली नाही. अमेरिकी नियमाप्रमाणे लेन्सवर सुमारे १६ मिलिमीटरची पोलादी गोळी सव्वा मीटरवरून सोडली, तरी ती फुटता कामा नये. लहान मुलांच्या चष्म्यात ही गोष्ट किती मोलाची, हे वेगळं सांगायला नको. पुढे ब्रिटनमध्येही दुकानातले आणि ऑनलाइन चष्मे समोरासमोर ठेवून तपासले गेले. तिथे नंबरपेक्षा चेहऱ्यावर नीट न बसणं हीच ऑनलाइन चष्म्यांची मोठी खोट ठरली.

ऑनलाइन चष्म्यांची स्वस्ताई कुठून येते, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. दुकानाचं भाडं वाचतं, मधले दलाल वाचतात, हे खरं. पण त्यासोबत ठिपका देणारा, दांडी गरम करून कानामागे वाकवून देणारा आणि महिन्याने नोज पॅड फुकट बदलून देणारा माणूसही वाचतो. ऑनलाइनवाल्यांनाही हे उमगलेलं दिसतं. २०१० मध्ये इंटरनेटवर सुरू झालेली अमेरिकेतली वॉर्बी पार्कर २०१३ पासून दुकानं उघडत गेली आणि आता तिची बरीचशी विक्री दुकानांतूनच होते. आपल्याकडे ऑनलाइनच वाढलेल्या लेन्सकार्टचीही गावोगावी दुकानं झाली आहेत.

म्हणून नंबर कमी असेल, एकेरी असेल आणि प्रवासात जादा जोड हवा असेल, तर ऑनलाइन चष्म्यात फारसं बिघडत नाही. मोठा नंबर, प्रोग्रेसिव्ह किंवा शाळकरी मुलाचा चष्मा असेल, तर मात्र हजार-पाचशे वाचवण्यात अर्थ नाही. चष्मा मागवलाच असेल, तर घालण्याआधी तो जवळच्या चष्मेवाल्याकडे लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्यावा, त्याला दोन मिनिटं पुरतात. आणि तपासणी झाल्यावर चिठ्ठी हातात पडली की पीडीही लिहून मागावा.

चष्मा चुकीचा निघाला तर 'नंबरप्रमाणे बनवलेला माल परत घेत नाही' हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ते निमूट ऐकून घ्यायचं कारण नाही. आपल्याकडच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. तेवढ्याने भागलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आता आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्क पडत नाही. मात्र सोबत बिल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि लेन्सोमीटरवरचा नंबर कुणाकडून तरी लिहून घेतलेला असावा.