आधी स्नान कुणाचे?

अंतराळातल्या कथांमध्ये दोन गूढपंथी योद्धे एखाद्या ग्रहाला वेढा घालून झुंजतात, तेव्हा भांडण तत्त्वाचे आहे असे आपण धरूनच चालतो: एक पंथ प्रकाशाचा, दुसरा अंधाराचा. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’पासून ही मांडणी जगभर रुळली. आपल्याकडे शस्त्रधारी साधूंचे आखाडे खरेच होते आणि त्यांच्या लढायाही खऱ्या झाल्या. गोदाकाठी, नाशिक-त्र्यंबकला तर मुहूर्तच ग्रह ठरवतो. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ कुंभमेळा भरतो. १७८९ च्या सिंहस्थात शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी एकमेकांवर तुटून पडले, ते आधी स्नान कुणी करायचे यावरून. माझ्या मते या लढायांचे मूळ मानात आणि मानामागून येणाऱ्या उत्पन्नात आहे; दर्शनांतल्या मतभेदांत ते सापडत नाही.

पहिला पुरावा ठाणेसरचा. १५६७ मध्ये अकबराच्या डोळ्यांदेखत तिथल्या कुंडाकाठी संन्याशांचे दोन गट लढले. अबुल फजलने ते लिहून ठेवले आहे. दोन्ही गट संन्याशांचेच. वाद होता यात्रेकरूंचे दान मिळणाऱ्या काठावरच्या जागेचा. दुसरा पुरावा अनुपगिरी गोसाव्याचा. हा शैव नागा १७६१ मध्ये पानिपतावर अवधचा नवाब शुजाउद्दौल्याच्या फौजेतून, म्हणजे अब्दालीच्या बाजूने मराठ्यांविरुद्ध उभा होता. पुढे तोच महादजी शिंद्यांच्या आणि शेवटी इंग्रजांच्या बाजूला गेला. निष्ठा पंथाच्या शिकवणुकीवर ठरत असती, तर हा प्रवास संभवला नसता.

यावर आक्षेप येईल की टिळा, दीक्षा, इष्टदेवता हे भेद काय खोटे होते? मुळीच नाही. माणूस त्यांच्यासाठीच घर सोडून आखाड्यात येई आणि आपला कोण, परका कोण, हे त्यांवरूनच ओळखे. पण शैव-वैष्णव भेद वर्षाचे बाराही महिने होता. हत्यारे उपसली जात ती पर्वणीला, घाटावर. १७८९ च्या दंगलीत बारा हजार साधू मेल्याचे सांगतात. तो आकडा मी जसाच्या तसा घेणार नाही. तुलनेसाठी पाहा: १७९६ च्या हरिद्वारच्या मेळ्यात शीख घोडेस्वारांनी गोसाव्यांवर हल्ला केला, तेव्हा प्रत्यक्ष हजर असलेल्या हार्डविक या इंग्रज अधिकाऱ्याने दिलेला मृतांचा आकडा पाचशेच्या आसपास आहे.

१७८९ च्या भांडणाचा निवाडा करणाऱ्या पुण्याच्या पेशवे दरबाराला हे गोसावी चांगले ठाऊक होते. सोमवार पेठेत त्यांचा गोसावीपुरा होता, सावकारी होती, व्यापार होता. भीमगिरजी गोसाव्याने १७५४ ते १७७० या काळात तिथेच त्रिशुंड गणपतीचे काळ्या पाषाणातले देऊळ बांधले. त्याच्या तळघरात गोसाव्याची समाधी आहे. साधूचा मठ आणि सावकाराची पेढी एकाच पेठेत पाहणाऱ्या पेशव्यांनी सिंहस्थाचा निवाडाही तसाच व्यवहारी केला. श्रेष्ठ पंथ कोणता, यात ते पडले नाहीत. वैष्णवांना नाशिकचे रामकुंड आणि शैवांना सुमारे तीस किलोमीटरवरचे त्र्यंबकचे कुशावर्त, अशी जागेची वाटणी त्यांनी केली. ती आजतागायत टिकली, यातच रोगाचे निदान बरोबर होते हे दिसते. मात्र दरबाराने वाटणी केली ती जागेची; मान होता तिथेच राहिला. म्हणून त्र्यंबकला वैष्णवांचा एकही आखाडा उतरत नसतानाही, तिथल्या दहा आखाड्यांत कुशावर्तावर आधी कुणी जायचे याचा क्रम दर सिंहस्थात लावावाच लागतो.