सुनार्टचे ओकवन : एका पायवाटेचे वाचन

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आर्डनामर्खन हे द्वीपकल्प अटलांटिक महासागरात दूरवर शिरलेले आहे. तेथे जाणारा मार्ग इतका अरुंद आहे की, समोरून वाहन आल्यास कडेच्या राखीव जागेत थांबावे लागते. याच मार्गावरील ग्लेनबॉरोडेल येथून एक पायवाट ओकवनातून चढत उघड्या माळावर जाते. परतताना सुनार्ट या लांबट सागरी खाडीचा काठ लाभतो. अंतर थोडे असले, तरी वनांच्या अभ्यासकास येथे एक मूलभूत प्रश्न भेटतो : ज्यास आपण अस्पर्श निसर्ग म्हणतो, तो खरोखर अस्पर्श असतो काय?

प्रथमदर्शनी उत्तर होकारार्थी वाटते. वृक्षांची खोडे, फांद्या, इतकेच नव्हे तर खाली पडलेले दगडही शेवाळाने झाकलेले असतात. येथे वर्षाकाठी सुमारे 2000 मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणच्या मानाने हे प्रमाण कमीच. परंतु कोकणातील पाऊस मुख्यतः चार महिन्यांत पडतो, तर येथील पाऊस बारमाही असतो. सागरी उबेमुळे हिवाळाही सौम्य राहतो. हवा सतत दमट व स्वच्छ असल्याने, आपल्या मसाल्यातील दगडफूल ज्या वर्गात मोडते, त्या शैवाकांच्या अनेक जाती येथे वाढतात. त्यांपैकी फुफ्फुसासारखे दिसणारे एक मोठे शैवाक हवेतील नत्र स्थिर करते. ते जुन्या वनाचे लक्षण मानले जाते.

परंतु खोडांकडे बारकाईने पाहिले असता निराळी हकीकत कळते. अनेक ठिकाणी एकाच बुडख्यातून दोन-तीन खोडे निघालेली दिसतात. ओक बुंध्याशी तोडला की त्यास नवे धुमारे फुटतात आणि ठरावीक वर्षांनी ते पुन्हा तोडता येतात. सुनार्टच्या वनांत उतार खणून केलेले लहान सपाट ओटे आढळतात. तेथे लोणारी कोळसा पाडला जात असे. 1753 मध्ये एटिव्ह खाडीवरील बोनॉ येथे लोखंडाची भट्टी सुरू झाली. लोहखनिज इंग्लंडच्या कंब्रिया भागातून जहाजाने येई, कारण ठिसूळ कोळसा दूर नेण्यापेक्षा खनिजच वनाजवळ आणणे सोयीचे होते. कोळसाही किनाऱ्यावरून जलमार्गानेच जाई. ओकची साल कातडी कमावण्यासाठी विकली जात असे. वनास किंमत होती, म्हणूनच तोडलेल्या भागात धुमारे वाढेपर्यंत गुरांना मज्जाव केला जाई.

1876 मध्ये बोनॉची भट्टी बंद झाली. कुऱ्हाड थांबली, परंतु त्यामुळे वन सुरक्षित झाले नाही. राखण संपली, मेंढ्या व हरणे वनात मोकळी चरू लागली आणि ओकची रोपे मोठी होण्यापूर्वीच खाल्ली जाऊ लागली. विसाव्या शतकात काही भागांत उत्तर अमेरिकेतील सूचिपर्णी वृक्ष लावले गेले, आणि त्यांच्या दाट छायेत मूळची वनस्पती गुदमरली. शोभेसाठी आणलेल्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांनीही जमीन व्यापली. अलीकडील दशकांत हे परके वृक्ष काढणे, झुडपे उपटणे व हरणांची संख्या आटोक्यात ठेवणे ही कामे हाती घेतली गेली आहेत.

तात्पर्य, ज्या वनास मनुष्याने शतकभर तोडले, ते त्याच्या राखणीमुळे टिकले. आणि ज्या काळात त्याने पाठ फिरवली, त्या काळात ते जर्जर होऊ लागले. म्हणून या वाटेने जाणाऱ्याने केवळ वृद्ध वृक्षांचे भव्य रूप पाहून समाधान मानू नये. त्याने खाली वाकून त्यांच्या पायथ्याशी गुडघाभर उंचीची रोपे आहेत की नाहीत, हे पाहावे. वनाचे भवितव्य त्या रोपांवर अवलंबून आहे.