विकणे आहे : डोंगरकाठचा मळा

‘विकणे आहे. महूच्या पुढे, डोंगरकाठी रम्य ठिकाणी मळा; विहीर, आंब्याची झाडे व जुने कौलारू घर.’ अशा धर्तीच्या जाहिराती हल्ली इंदुरात वरचेवर वाचायला मिळतात. घेणारे बहुधा सुटीचा बंगला बांधू पाहणारे असतात. विकणारे मात्र पुष्कळदा आपल्यांतलेच असतात.

होळकरशाहीत कोणाच्या पणजोबांना चाकरीबद्दल जमीन मिळाली, कोणी पुढे पेन्शनीच्या पैशांतून घेतली. 1951 च्या कायद्यांनी मध्य भारतात जमीनदारी व जहागिरी गेल्या, 1960 मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. त्यातून खुदकाश्त म्हणून जे उरले त्याच्या वाटण्या होत होत आज सातबारा नव्हे, तर इकडच्या खसऱ्यावर पाच-सात नावे दिसतात. एक पुण्यास, दुसरे परदेशी. शेताचा बांध प्रत्यक्ष पाहिलेला एखादाच.

ही भूमी आहे मात्र विलक्षण. माळव्याचे पठार येथे संपते आणि कडा उतरून निमाड लागते. जानापावच्या डोंगरात उगम पावलेली चंबळ उत्तरेस यमुनेला मिळते. जवळचीच चोरल दक्षिणेस नर्मदेकडे धावते. एका पाणलोटाचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जाते, दुसऱ्याचे अरबी समुद्रास. श्रावणात हे पाहणारा भान हरपतो, आणि तेवढ्यावरच बयाणा देऊन बसतो!

पण जाणत्याने हा मळा वैशाखात पाहावा. उतारावर काळ्या मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी राहते ते मुरमात व खडकाच्या भेगांत, आणि उतारामुळे तेही निसटते. दिवाळीत काठोकाठ दिसणारी विहीर मे महिन्यात तळ दाखवते. दुसरी गोष्ट वाटेची. बैलगाडीची वाट शेजाऱ्याच्या शेतातून असेल, तर ती पटवारीच्या नकाशात किंवा गावाच्या वाजिब-उल-अर्जात नोंदलेली आहे का, हे आधी पाहावे. तिसरी गोष्ट, आदिवासी खातेदाराची जमीन परस्पर इतरांस विकता येत नाही. कायद्याने त्यावर बंधन आहे. हे सोडवण्यासाठी दुसऱ्याच्या नावाची आड घेणे हे कायद्यालाही सोडून आहे आणि माणुसकीलाही.

आता विकणाऱ्यांविषयी. माझ्या परिचयाच्या एका घरात गेल्या वर्षी असाच व्यवहार ठरला. सह्या करण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या काकूंनी हट्ट धरला की सर्वांनी एकदा मळ्यावर यायचे. भावंडे आली. बटाईने शेत करणारा म्हातारा पुढे चालला आणि बांधाबांधावर थांबून सांगू लागला : हे ‘आमवाला’, ते ‘बावडीवाला’, पलीकडचे ‘मासाबवाला’. ‘मासाब’ कोण, हे कोणालाच माहीत नव्हते. म्हातारा म्हणाला, तुमचीच पणजी; हे शेत तिने आपले दागिने मोडून सोडवले होते, असे माझा बाप सांगे. काकूंनी पर्समधली वही काढून सारे लिहून घेतले. मग करारात एक कलम वाढवले : उभे पीक बटाईदाराने काढून न्यायचे, त्याचा हिशेब आधी चुकता करायचा आणि नंतरच ताबा द्यायचा. गिऱ्हाईक थोडे कुरकुरले, पण कबूल झाले.

जमीन विकणे हा गुन्हा नव्हे. कसणारा नसेल तर ती राखणेही कठीण. परंतु खसऱ्यात क्रमांक असतात, ‘मासाबवाला’ हे नाव नसते. तेव्हा ज्यांच्या घरी असा व्यवहार घाटत असेल, त्यांनी सह्यांच्या आधी एक दिवस काढावा, मुलांना बरोबर न्यावे आणि ज्याने इतकी वर्षे ती जमीन राखली त्याच्या मागून बांधाने चालावे. जाताना वही न्यावी.